ट्युलिप फ्रिजमध्ये, नर्गिस माळ्यावर

बागबगीचा : वाचकांचे प्रश्न

कंदफुलांची पत्रं दरवर्षी फेब्रुवारीत येतात, शेजारच्या गच्चीवर फूल दिसलं की. तेव्हा उत्तर देऊन काही उपयोग नसतो. इंदूरला वसंतात जे फुलवायचं ते गणपतीच्या आसपास ठरवावं लागतं, म्हणून साठलेली पत्रं या ऑगस्टच्या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरअखेर ट्युलिपचे दहा कंद ऑनलाइन मागवले आणि आले त्याच दिवशी लावले. तिघांना पानांच्या बेचक्यात, मातीला चिकटून फूल आलं. बाकीच्यांना नुसती पानं. कंद खराब होते का? (सुदामानगर)

कंद बहुतेक चांगले होते, त्यांची थंडी पुरी झाली नव्हती. ट्युलिपचं फूल कंद लावायच्या आधीच आत तयार असतं. एखादा कंद धारदार सुरीनं उभा कापून भिंगाखाली धरा. पांढऱ्या मांसल पापुद्र्यांच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी फिकट कळी दिसेल आणि नीट पाहिलं तर तिच्यातले सहा पुंकेसरही मोजता येतील. हे फूल घडायला थंडी लागत नाही. थंडी लागते ती दांडा लांब होण्यासाठी. ती कमी पडली की फूल बसल्या जागी उमलतं, नाहीतर कळी आतल्या आत सुकते. तुमच्याकडे दोन्ही झालं.

श्रीनगरला हे काम तिथला हिवाळा फुकटात करतो. इंदूरच्या रात्री डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्या आसपास असतात, पण दुपारी पारा पंचविशीच्या पुढे जातो, त्यामुळे थंडीचा हिशोब जमत नाही. तो फ्रिजमध्ये पुरा करायचा: 4 ते 7 अंशांत सलग 12 ते 14 आठवडे. 10 सप्टेंबरला कंद ठेवले तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारा आठवडे भरतात. मग लावल्यापासून सुमारे 50 ते 60 दिवसांत, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फूल. हेच कंद थंडी न दिलेले नोव्हेंबरात हाती आले तर बारा आठवडे जानेवारीच्या शेवटी संपतील आणि फूल मार्चच्या उन्हात सापडेल. म्हणून नोव्हेंबरात घेणार असाल तर विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारा: कंद ‘प्री-चिल्ड’, म्हणजे आधीच थंडी दिलेले, आहेत का, आणि किती आठवडे? उत्तरात आठवड्यांचा आकडा आला नाही तर त्या वर्षी ट्युलिप सोडून द्या. प्री-चिल्ड कंद घरात उघड्यावर ठेवायचे नाहीत, लावेपर्यंत तेही फ्रिजमध्येच. चार-सहा दिवस उबेत राहिले तरी मिळालेली थंडी वाया जायला लागते.

फ्रिजमध्ये ठेवताना कागदी पिशवी घ्या आणि तिला पाच-सहा भोकं पाडा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि हिरवी बुरशी धरते. त्याच फ्रिजात सफरचंद, केळी, चिकू, पेरू ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी मरते. ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कळतं ते थेट फेब्रुवारीत. फळांना तीन महिने दुसरी जागा नसेल तर हा खटाटोप करूच नका. आणि पिशवीवर ठळक अक्षरांत लिहा. ट्युलिपचा कंद छोट्या कांद्यासारखाच दिसतो आणि तो खाल्ला तर पोट बिघडतं.

लावण्यासाठी मातीची 10 इंची कुंडी घ्या. ओली राहिली की ती माठासारखी गार राहते, प्लास्टिकची तापते. सात-आठ कंद एकमेकांना न टेकवता, टोक वर, सपाट बाजू कुंडीच्या कडेकडे, वर 5 सेंमी माती. पहिले दोन आठवडे मुळांचे असतात, त्या काळात कुंडी उत्तरेच्या सावलीत ठेवा. कोंब बोटभर वर आला की सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको. खत घालू नका, कंदात शिदोरी असते.

फुलून गेल्यावर कंद टाकून द्या. हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण ट्युलिपचा मूळ कंद फुलल्यावर संपतो आणि त्याच्या जागी पिल्लं धरतात. ती भरायला गार हवेत हिरवी पानं दीड-दोन महिने टिकावी लागतात. आपल्याकडे मार्चच्या मध्यालाच पानं करपतात, पिल्लं लसणाच्या पाकळीएवढी राहतात आणि तेवढ्या कंदाला फूल येत नाही. कंदाच्या पाकिटावर ‘12/+’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे परिघ 12 सेंमी किंवा जास्त. त्यापेक्षा लहान घेऊ नका.

प्रश्न : निळ्या आणि सप्तरंगी ट्युलिपचं बी ऑनलाइन फार स्वस्त मिळतंय. घ्यावं का? (विजयनगर)

नको. खरा निळा ट्युलिप अजून कुणी तयार केलेला नाही. ‘ब्लू’ नावाच्या जाती जांभळ्या असतात आणि सप्तरंगी फोटो संगणकावर रंगवलेले. अस्सल बी मिळालं तरी पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं आणि तेवढे कडक हिवाळे लागतात.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या माहेरून नर्गिसचे कंद आणले. तिकडे दरवर्षी घमघमाट असतो, इथे तीन वर्षं फक्त पानं. इंदूरची थंडी कमी पडते का? (राजेंद्रनगर)

ग्वाल्हेरच्या रात्री इंदूरपेक्षा गार असतात हे खरं, पण तुमच्या अडचणीचं कारण ते नाही, ताई. एका दांड्यावर फुलांचा झुबका येणारा हा सुवासिक नर्गिस ट्युलिपसारखा थंडीवर अडून बसत नाही. त्याची कळी उन्हाळ्यात, कंद कोरडा आणि गरम असताना घडते. त्याला ग्वाल्हेरचा रखरखीत उन्हाळा मानवतो. तुमचे कंद बहुधा रोज पाणी मिळणाऱ्या वाफ्यात आहेत आणि तिथे मे महिन्यातही माती ओली असते.

पानं पिवळी पडून आपोआप आडवी होईपर्यंत थांबा. हिरवी पानं कापणं किंवा नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांची वेणी घालणं म्हणजे कंदाचं जेवण तोडणं. एप्रिलमध्ये कंद उपसा, माती झटका, सावलीत आठवडाभर वाळवा आणि जाळीच्या पिशवीत माळ्यावर टांगा. माळा तापतो म्हणून घाबरू नका, तेच हवं आहे. कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ मात्र नको. नर्गिसचा कंद विषारी असतो आणि चुकून चिरला जाऊ शकतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोठे कंद वेगळे काढून लावा. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, दोन कंदांत वीतभर अंतर. एका जागी दहा-बारा पिल्लांचा गठ्ठा झाला असेल तर तेही फूल न येण्याचं कारण असतं. पिल्लं वेगळ्या कुंडीत दोन वर्षं वाढू द्या.

इंग्लंडच्या नैऋत्येला सिली बेटांवर याच जातकुळीच्या नर्गिसची शेती होते आणि तिथे फूल लवकर यावं म्हणून कंदांना धूर देतात. धुरातही इथिलीन असतो. जो वायू ट्युलिपची कळी मारतो तोच नर्गिसला जागा करतो. म्हणून एका कंदाची युक्ती दुसऱ्याला लावू नये.

प्रश्न : बंगल्याच्या वाफ्यात फ्रीझिया आणि डॅफोडिल लावले, सगळे कुजले. उकरले तर लगदा आणि दुर्गंधी. पाणी तर बेतानंच देत होतो. (लोकमान्य नगर)

काका, पाणी तुम्ही बेतानं दिलंत, पण माळव्याच्या काळ्या मातीनं ते धरून ठेवलं. ही माती ओली झाली की फुगते आणि हवेच्या वाटा बुजवते. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली चार बोटांवर लगदा असतो. तपासायला वाफ्यात वीतभर खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही उभं असेल तर तिथे कंद जमिनीत लावायचेच नाहीत, वर लावायचे.

त्यासाठी विटांचा कठडा करून 1 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 25 सेंमी उंच वाफा भरा. साधारण 15 लिटरच्या घमेल्यानं मोजलं तर एकूण 17 घमेली लागतील: बागेतली माती 7, बांधकामाची जाडी नर्मदा रेती 4, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत 4, हरभऱ्याएवढा मुरूम 2. रेती चाळणीवरची जाडी घ्या. प्लास्टरची बारीक वाळू काळ्या मातीत मुठी-मुठीनं मिसळली तर वाळल्यावर वीट तयार होते. ही चूक फार जण करतात आणि मग रेतीला दोष देतात. शेणखत कच्चं असेल तर अजिबात घालू नका, त्याच्या उष्णतेनं आणि बुरशीनं कंद आधी जातो.

कुजलेल्या कंदाकडे पाहून कारण ओळखता येतं. संपूर्ण लगदा आणि घाण वास असेल तर जिवाणूंची सड, तिचं मूळ बहुतेक वेळा साचलेल्या पाण्यात असतं. कंद वरून टणक पण बूड तपकिरी, मऊ, त्यावर पांढरट-गुलाबी बुरशी असेल तर ती फ्युजेरियमची बूडसड. ती मातीत राहते, तिथे तीन-चार वर्षं कंद लावू नका. नवे कंद लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक 2 ग्रॅम प्रति लिटर घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा, हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर कार्बेन्डाझिम वापरू नका. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, औषधानं तीही मरते.

बोनमीलबद्दलही (हाडांच्या चुऱ्याबद्दल) एक सांगतो, कारण पत्रात तुम्ही ‘भरपूर घातलं’ असं लिहिलं आहे. आपली काळी माती अल्कधर्मी असते आणि अशा मातीत बोनमीलमधला फॉस्फरस नीट सुटत नाही. बोनमीलचे पैसे शेणखतावर घालवलेले बरे. चुलीची राख तर नकोच, ती अल्कता आणखी वाढवते.

प्रश्न : अमरिलिस लिलीच्या सहा कुंड्या आहेत. पानं कंबरभर, फूल चार वर्षांत एकदा. दर वर्षी माती बदलते, खत घालते. काय चुकतं? (वैशाली नगर)

माती दर वर्षी बदलणं चुकतं, आणि बहुधा पाणी वर्षभर चालू राहतं तेही.

आपण जिला अमरिलिस म्हणतो ती दक्षिण अमेरिकेची हिप्पिअ‍ॅस्ट्रम. खरी अमरिलिस दक्षिण आफ्रिकेची. फुलाचा दांडा कापून पाहा, हिप्पिअ‍ॅस्ट्रमचा दांडा नळीसारखा पोकळ असतो, खरीचा भरीव. वाढवायची रीत मात्र जे झाड घरात आहे त्याचीच हवी.

या कांद्यात चार पानं घडली की एक कळी घडते, पुन्हा चार पानं, पुन्हा कळी. ती कळी बाहेर यायला जवळजवळ वर्ष घेते. म्हणजे येत्या मार्चचं फूल त्याआधीच्या वर्षभरातल्या पानांनी ठरतं. त्या पानांवर रोज चार-पाच तास ऊन पडलं नसेल, किंवा युरियानं ती नुसती लोंबती वाढली असतील, तर कळी घडत नाही किंवा आतच वाळते. तुमची ‘कंबरभर’ पानं सावलीत ताणलेली आहेत. चांगल्या कांद्याची पानं आखूड, रुंद, ताठ असतात.

यंदा असं करा. आता ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कुंड्या उघड्या उन्हात, पाणी निचरा होईल अशा. दर पंधरा दिवसांनी सल्फेट ऑफ पोटॅश 2 ग्रॅम प्रति लिटर, कुंडीला अर्धा लिटर. दसऱ्यापासून पाणी निम्मं. दिवाळीनंतर बंद. कुंडी आडवी करून कोरड्या ओसरीत किंवा जिन्याखाली ठेवा, अवकाळीचा एक पाऊसही लागू देऊ नका. पानं पिवळी पडतील, पडू द्या, ओढून तोडू नका. साधारण आठ-दहा आठवडे झोप झाली की जानेवारीच्या शेवटी कुंडी उभी करा, वरची दोन बोटं माती काढून तेवढंच गांडूळखत घाला आणि पहिलं पाणी द्या. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत पाणी दहा दिवसांतून एकदाच. चपट्या टोकाचा, जिभेसारखा कोंब आला तर पान, फुगीर भाल्यासारखा आला तर फूल. रंगपंचमीच्या सुमारास रंग दिसायला हरकत नाही.

कुंडी तीन-चार वर्षांत एकदाच बदला आणि तीही झोपेच्या काळात. कांद्याभोवती बोटभर जागा राहील एवढीच कुंडी घ्या. कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर असू द्या. पूर्ण पुरला तर मानेत पाणी साचून सड होते. 5 सेंमीपेक्षा कमी जाडीच्या पिल्लांकडून फुलाची अपेक्षा ठेवू नका.

पानांवर आणि दांड्यावर विटकरी रंगाचे डाग, आणि डागापाशी दांडा वाकलेला दिसला तर ती बुरशी आहे. डागाळलेलं पान कापा, पाणी वरून शिंपडणं बंद करा, बाकी कुंड्यांपासून ती दूर ठेवा.

प्रश्न : लिलीवर काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या, शेंदरी डागांच्या अळ्या. रात्रीत पान संपवतात. (महू)

लिली मॉथच्या अळ्या. पावसाळ्यात येतात, अमरिलिस, स्पायडर लिली, क्रायनम आणि कळलावी खातात. सकाळी पानाची मागची बाजू पाहा. पिल्लं एका ठिकाणी घोळक्यानं असतात तेव्हा ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकलं की अर्धं काम झालं. मोठ्या अळ्या चिमट्यानं वेचा. जास्त असतील तर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर 2 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. उन्हात मारली तर निकामी होते. ‘पानं परत येतील’ म्हणून सोडून देऊ नका. वरच्या उत्तरात लिहिलं तसं, खाल्लेल्या पानांबरोबर पुढच्या वर्षीचं फूल जातं.

प्रश्न : ग्लॅडिओलस लग्नसराईत, जानेवारीअखेर हवेत. कधी लावू? आणि मागच्या वर्षी पाकळ्यांवर चंदेरी चरे होते ते कशानं? (देवास)

जातीनुसार लावल्यापासून फुलाला 75 ते 100 दिवस. 20 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर या काळात पाच-पाच दिवसांनी तीन वेळा लावा, म्हणजे एखादी खेप तरी तारखेला सापडेल. कंद 4-5 सेंमी व्यासाचे, उंचीला भरलेले घ्या. मोठे पण चपटे, चकतीसारखे कंद म्हातारे असतात. 8 सेंमी खोल, 15 सेंमी अंतरावर. चार पानं झाली की बुंध्याला मातीची भर द्या, नाहीतर दांडा कलतो आणि टोक वाकडं होतं. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की कापा आणि झाडावर किमान चार पानं ठेवा.

चंदेरी चरे म्हणजे फुलकिडे. कळीच्या मुठीत लपून रस शोषतात, तिथे फवारा पोचत नाही. म्हणून कळी निघायच्या आधीच, पाचव्या पानापासून, निमतेल 5 मिली आणि थोडा साबण प्रति लिटर, आठवड्याला एकदा. हे किडे कंदाच्या सालीत बसून उन्हाळा काढतात, तेव्हा जुने कंद साल काढून तपासा.

फुलानंतर सहा-आठ आठवड्यांनी उपटलं की खाली सुकलेली जुनी चकती, तिच्यावर नवा कंद आणि मध्ये मोहरीपासून हरभऱ्यापर्यंतची पिल्लं दिसतील. जुनी चकती मोडून टाका. नवा कंद दोन-तीन महिने झोपतो, तो लगेच लावला तर उगवत नाही आणि लोक त्याला मेलेला समजून फेकतात.

प्रश्न : रॅननक्युलसच्या सुकलेल्या गाठी कशा लावायच्या? वर कोणती, खाली कोणती? (अन्नपूर्णा रोड)

कोळ्याच्या पायांसारखे पंजे खाली, केसाळ बुंधा वर. लावण्याआधी साध्या पाण्यात तीन ते चार तास भिजवा. रात्रभर भिजवल्या तर कुजतात. फुगून जवळजवळ दुप्पट होतात. दिवाळीच्या सुमारास, रात्री 15 अंशांच्या खाली जायला लागल्या की, 4 सेंमी खोल लावा आणि एकदाच पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत, म्हणजे तीनेक आठवडे, माती फक्त ओलसर. बहुतेक गाठी याच तीन आठवड्यांत जास्त पाण्यानं जातात. वर कोंबडीची जाळी अंथरा, नाहीतर खारी उकरून नेतात.

प्रश्न : फ्लॅट आहे, खिडकी एकच. हायसिंथ काचेच्या ग्लासात होतो का? (तिलक नगर)

होतो. फ्रिजमध्ये 10-12 आठवडे थंडी झालेला कंद घ्या. हाताळताना हातमोजे घाला, सालीनं खाज सुटते. निमुळत्या मानेच्या ग्लासात पाणी कंदाच्या बुडाखाली 2 मिलिमीटरवर ठेवा. बूड बुडालं की सडतं. मुळं ओल शोधत खाली येतात. कोंब दोन इंच होईपर्यंत कागदाची टोपी घालून गार, अंधाऱ्या जागी ठेवा, मग खिडकीत. पाणी आठवड्याला बदला. फुलल्यावर हा कंदही रिकामा होतो.

प्रश्न : एवढं सगळं जमणार नाही. वासाचं, लावलं की येणारं काही सांगा. (एक आजी, रामबाग)

आजी, निशिगंध लावा. होळीच्या आसपास, 2-3 सेंमी जाडीचे कंद, चार बोटं खोल, वीतभर अंतरावर, भर उन्हात. साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात आणि पावसाळाभर येत राहतात. वासासाठी ‘सिंगल’ मागा. ‘डबल’ दिसायला भरगच्च पण वासाला कमी. एक कंद एकदाच फुलतो, नंतर त्याची पिल्लं फुलतात. म्हणून दर तीन वर्षांनी झुबका उपसून वेगळा करा आणि जास्तीचे कंद वाटून टाका. इथल्या नर्सरीत ‘रजनीगंधा के कंद’ म्हणून मागितले की पटकन मिळतात.